नागपुरात राहून जुना ट्रॉलर सांभाळायचा तर

आमची बोट जयगडच्या खाडीत आणि आम्ही नागपुरात, प्रतापनगरात. मधे हजारेक किलोमीटर. ओळखीच्या माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काऊन जी, अंबाझरी तलाव कमी पडला का?" अलीकडे मात्र तीन-चार जोडप्यांनी गंभीरपणे विचारलं की आम्हालाही घ्यायची आहे, लांबून सांभाळणं जमेल का? त्यांना फोनवर तुटक तुटक जे सांगितलं, ते इथे एकत्र लिहिते आहे.

आधी बोट कसली ते. ट्रॉलर म्हणजे मुळात ओढजाळ्याने मासे धरणारी बोट. आमची त्याच बुडाची, ३६ फुटी, फायबरची. मासळी ठेवायच्या खणात आता दोन बंक, स्वयंपाकाचा ओटा आणि संडास आहे. वय तिशीच्या पुढे. इंजिन एकच, अशोक लेलँडचं सहा सिलिंडरचं डिझेल. निवृत्तीनंतर हिवाळ्यात आम्ही दोघं तीन-चार खेपा करतो: जयगड ते दाभोळ, जयगड ते रत्नागिरी, फार तर विजयदुर्ग. सुकाणू यांच्याकडे आणि इंजिन माझ्याकडे, कारण हे इंजिनखोलीत मावत नाहीत.

जुन्या बोटीचं जे काही बिघडतं ते बहुतेक पाण्यापायी. नको तिथे पाणी शिरतं: तळात, डिझेलमध्ये, डेकच्या लाकडात. नाहीतर हवं तिथे पोचत नाही, म्हणजे इंजिन थंड करायला. माझी तपासणीची वही याच हिशेबाने आखलेली आहे.

घेण्याआधी

कागद आधी, बोट नंतर. मासेमारी नौका म्हणून नोंद असलेली बोट घेतली म्हणजे ती आपल्याला फिरायला वापरता येते असं नाही. नोंदणीचा प्रकार बदलावा लागतो. बयाणा देण्याआधी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या त्या भागातल्या बंदर कार्यालयात जाऊन कागद दाखवा आणि काय काय लागेल ते लिहून घ्या. व्हीएचएफ रेडिओ, म्हणजे समुद्रावर बोलायचा बिनतारी संच, बसवणार असाल तर त्याचा परवाना वेगळा, तो केंद्राच्या दूरसंचार विभागाचा.

मग बोट पाण्याबाहेर काढून बघा. पाण्यात तरंगणाऱ्या बोटीचा सौदा करू नये, कितीही गोड बोलणारा मालक असला तरी. प्लास्टिकच्या हातोडीने बूड आणि डेक वीतभर अंतराने ठोकत जा. धड जागी "टण" वाजतं, भिजलेल्या जागी "थप". फायबर स्वतः कुजत नाही, पण डेकच्या दोन थरांमध्ये प्लायवूड असतं आणि ते कुजतं. खिडक्यांच्या कडा, दोर बांधायच्या खुंट्या, कठड्याचे पाय, जिथे जिथे कुणी स्क्रू मारलाय तिथे टाच दाबून बघा. ओल्या पुठ्ठ्यावर पाय दिल्यासारखं वाटलं तर खर्च मोठा आहे असं समजा.

इंजिन गार असताना सुरू झालं पाहिजे. गेल्या गेल्या इंजिनाला हात लावा. कोमट लागलं तर मालकाने तुमच्या आधी ते तापवून ठेवलंय. चहा प्या आणि दुसऱ्या दिवशी न सांगता या. धुराचा रंग बघा: निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे हवा कमी पडतेय नाहीतर इंजेक्टर नीट मारत नाहीत, आणि तापल्यावरही पांढरा धूर राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत जातंय. ऑइलची दांडी ताकासारखी दिसली तर तिथूनच परत फिरा.

पहिल्या दोन वर्षांत आमचा बोटीच्या किमतीच्या जवळपास निम्मा खर्च दुरुस्तीवर झाला. तेवढे पैसे बाजूला नसतील तर छोटी बोट बघा.

वाडीच्या गॅरेजमधली शाळा

लेलँडचं इंजिन निवडण्यामागे नागपूर आहे. ट्रकच्याच इंजिनाचं ते सागरी रूप, त्यामुळे आतलं बरंचसं सामान ट्रकचं. आणि ट्रकचं म्हटलं की अमरावती रोडवर वाडीत काय मिळत नाही! डिझेल फिल्टर, ऑइल फिल्टर, पट्टे, इंजेक्टर तपासून देणारी दुकानं, सगळं अर्ध्या तासाच्या अंतरावर. फरक बाहेरच्या बाजूला आहे. ट्रकला रेडिएटर असतो. बोटीत त्याच्या जागी हीट एक्सचेंजर. इंजिनात फिरतं ते गोडं पाणी आणि कूलंट, आणि त्याला थंड करायला नळ्यांमधून खारं पाणी जातं. तेच खारं पाणी पुढे सायलेन्सरमध्ये पडतं आणि धुराबरोबर मागून बाहेर.

वाडीच्या एका गॅरेजवाल्याला मी सरळ म्हटलं, मला डिझेलच्या नळीतली एअर काढायला शिकव. त्याने दोन दुपार मला ट्रकच्या बोनेटखाली उभं केलं. तिसऱ्यांदा चुकल्यावर म्हणाला, "काकू, हवा निघालीच नाही न अजून. मारा पंप." ते शिक्षण पुढे पूर्णगडच्या जवळ लाटांत हलणाऱ्या बोटीत कामी आलं.

इतवारीच्या बाजारातून काय आणू नये, तेही नागपूरच्याच खात्यात. बुडाला समुद्राचं पाणी आत घेणारा एक वॉल्व्ह बदलायचा होता. तिथे मिळेल न मिळेल म्हणून मी नागपुरातूनच छान चकचकीत पितळी बॉल वॉल्व्ह नेला. दोन मोसमांनी बोट वर काढली आणि कापडाने पुसून पाहिलं तर पितळ गुलाबी झालेलं. पाना लावून जरा जोर दिला तर मान बिस्किटासारखी तुटून हातात आली. पितळात जस्त असतं, खारं पाणी ते जस्त खाऊन टाकतं आणि मागे राहतं ते भुसभुशीत तांबं. दुकानदाराची चूक नाही, त्याने घरच्या टाकीचा वॉल्व्ह दिला होता. चूक माझी. पाण्याखालच्या प्रत्येक वॉल्व्हला आणि जोडाला गनमेटल किंवा ब्राँझच पाहिजे. नटबोल्ट ३१६ नंबरच्या स्टीलचे. साध्या दुकानातलं स्टेनलेस बहुधा ३०४ असतं, ते खाऱ्या हवेत तांबारतं.

डिझेल: पाणी काढा, हवा काढा

टाकी जुनी असेल तर तळाला पाणी आणि काळा गाळ असणारच. पाणी आणि डिझेलच्या सीमेवर बुरशी धरते, बोट लाटेत हलली की ती उठते आणि फिल्टरमध्ये जाऊन बसते. म्हणून इंजिन बंद पडायचं ते नेमकं खवळलेल्या पाण्यात, धक्क्याला बांधलेलं असताना कधीच नाही.

दर खेपेला पहिलं काम: पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरच्या तळाचा नळ उघडून काचेच्या बरणीत पावशेर डिझेल काढायचं. लोणच्याची रिकामी बरणी चालते. दहा मिनिटं ठेवा. तळाला पाण्याचा थर दिसला तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढत राहा. डिझेल भरताना जाळीच्या नरसाळ्यातूनच भरायचं. पावसाळ्यात बोट उभी ठेवताना टाकी जवळपास भरलेली ठेवतो, म्हणजे आत हवा कमी आणि दमटपणा कमी.

फिल्टर बदलला की नळीत हवा शिरते. ती काढायची रीत अशी. फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू एक-दोन आटे ढिला करा, खाली कापड धरा. फीड पंपाचा हाताने मारायचा दांडा मारत राहा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग धार. धार सलग झाली की पंप मारता मारताच स्क्रू आवळा, थांबून नाही. नंतर हेच इंजेक्शन पंपाच्या स्क्रूला. एवढं करूनही लागलं नाही तर इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट जरा ढिले करून स्टार्टर मारायचा, थेंब उडाले की आवळायचे. त्या नळ्यांत दाब प्रचंड असतो. हात आणि तोंड लांब, डोळ्याला चष्मा.

आता जे सांगते ते मला कुणी सांगितलं नव्हतं. इंजिन लागत नसताना स्टार्टर पुन्हा पुन्हा मारला तर खाऱ्या पाण्याचा पंप फिरत राहतो, पण ते पाणी बाहेर ढकलायला धूर नसतो. सायलेन्सर भरतो आणि पाणी उलटं सिलिंडरमध्ये जाऊ शकतं. म्हणून लांबलचक स्टार्टर मारायचा तर खाऱ्या पाण्याचा वॉल्व्ह आधी बंद. इंजिन लागलं की त्याच क्षणी उघडायचा. विसरू नये म्हणून मी वॉल्व्हला लाल कापड बांधते आणि चावीलाही लाल कापड बांधते. दोन्ही कापडं सुटली तरच बोट हलते.

इम्पेलर

खाऱ्या पाण्याच्या पंपात रबराची पाती असलेलं चाक असतं, तो इम्पेलर. हा गेला की इंजिन तापतं. इंजिन लागल्याबरोबर मागे जाऊन धुराच्या नळीतून पाणी पडतंय का ते पाहायची सवय दोघांनाही हवी. आमच्याकडे हे ओरडतात, "पाणी?" आणि मी "आहे" म्हणेपर्यंत दोर सोडत नाहीत.

दरवर्षी मोसम सुरू होताना इम्पेलर नवा घाला. जुना धड असेल तर तोच अडीअडचणीसाठी जवळ ठेवा. वॉल्व्ह बंद, पंपाचं झाकण काढा, इम्पेलर सरळ बाहेर ओढा. नव्याला ग्लिसरीन लावून फिरवत फिरवत आत ढकला. ग्रीस लावू नका, रबर फुगतं. झाकणाखाली नवं पॅकिंग.

काढलेल्या इम्पेलरची पाती मोजा. एका वर्षी आमच्या इम्पेलरचं एक पातं कमी होतं. नवा घातला, पाणी पडायला लागलं, मी खूश. तासाभराने तापमानाचा काटा हळूहळू चढायला लागला. हीट एक्सचेंजरचं टोकाचं झाकण उघडलं तर बोटाच्या पेराएवढा काळा रबराचा तुकडा नळ्यांच्या तोंडावर चिकटलेला, शेजारी शिंपल्यांचा चुरा. हरवलेलं पातं सापडेपर्यंत काम संपलं म्हणायचं नाही. झाकण उघडलंच आहे तर आतली जस्ताची कांडीही बघून घ्या, ती स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवते.

ग्लँड

इंजिनाचा शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, बुडातून बाहेर पंख्याकडे (प्रॉपेलरकडे) जातो तिथे पाणी अडवायला ग्लँड असते. तिच्यात मेणचट दोरीचे वेढे भरलेले असतात. नव्या माणसाला वाटतं की एक थेंबही येता कामा नये. तसं नाही. शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडले पाहिजेत, त्या पाण्यानेच दोरी थंड राहते. उभ्या बोटीत थेंब जवळपास थांबला पाहिजे. थेंब अजिबात नको म्हणून ग्लँड करकचून आवळली की दोरी जळते आणि शाफ्टवर खाच पडते. जुन्या बोटींच्या शाफ्टवरच्या बहुतेक खाचा अशाच पडलेल्या असतात.

दोरी बोट वर काढलेली असतानाच बदला. जुने वेढे वाकड्या तारेने एकेक ओढून काढा आणि मोजा. तळाला एखादा राहिला तर नवी दोरी कितीही चांगली घाला, थेंब बसत नाहीत. नव्या दोरीचा आकार काढायला ग्लँडच्या आतल्या व्यासातून शाफ्टचा व्यास वजा करा आणि दोनने भागा. वेढे मी नागपुरात जेवणाच्या टेबलावरच कापते. शाफ्टच्या व्यासाचा पाइप आणून ठेवलाय, त्याच्यावर दोरी गुंडाळून धारदार ब्लेडने तिरका काप देते. प्रत्येक वेढा वेगळा, एकच लांब दोरी गुंडाळून घालू नका. वेढ्यांचे जोड एकाखाली एक येऊ देऊ नका. तीन वेढे असतील तर घड्याळात बारा, चार आणि आठवर. नट सुरुवातीला हातानेच. बोट पाण्यात गेल्यावर अर्धा तास चालवा, थेंब मोजा, लागेल तसा पाव आटा आवळा. मग गिअर न्यूट्रल करून ग्लँडला हात लावा. कोमट चालते. हात ठेववत नसेल तर ढिली करा. आणि फिरत्या शाफ्टजवळ ओढणी, सुटे केस, मफलर काही नको. मी तिथे जाताना यांचा जुना शर्ट घालते.

तळ, बॅटरी, जस्त

बोटीचा आतला तळ स्वच्छ ठेवा. घाण तळात नवी गळती दिसत नाही आणि पंपाच्या तोंडाशी चिंधी अडकते. तळातलं पाणी उपसायला आपोआप चालणारा एक पंप, त्याच्यावर वेगळ्या स्विचचा दुसरा आणि एक हातपंप. प्रत्येक वॉल्व्हच्या शेजारी त्या मापाची लाकडी खुंटी सुतळीने बांधून ठेवा, नळी फाटली तर ठोकायला. महिन्यातून एकदा सगळे वॉल्व्ह उघड-बंद करायचे, नाहीतर ते जागेवर धरतात. इंजिनाची बॅटरी वेगळी, दिव्या-पंख्याची वेगळी. बाकी सोलर पॅनेल बघून घेतं.

शाफ्टवरचा जस्ताचा ठोकळा अर्धा झिजला की बदला. तो झिजतो म्हणून पंखा वाचतो. वर्षभरात अजिबात झिजला नसेल तर आनंद मानू नका, त्याचा शाफ्टशी नीट स्पर्श होत नाहीये. त्याच्यावर रंग कधीही लावू नका. बोट रंगवणारी पोरं उत्साहाने लावतातच, तेव्हा उभं राहून बघा.

दोघांनी चालवताना

अशा जड बुडाच्या बोटीला वेगाची मर्यादा तिच्या लांबीने ठरते. पाण्यावरच्या लांबीचं फुटांत वर्गमूळ काढून १.३४ ने गुणा. आमची ३२ फूट, म्हणजे साधारण साडेसात नॉट (ताशी सागरी मैल). त्याच्या जवळ जायला लागलं की डिझेल नुसतं पेटतं. आमच्या वहीत ६ नॉटला ताशी साडेसहा लिटर आहे आणि साडेसातला १४. जयगड ते रत्नागिरी २० सागरी मैल धरले तर ६ नॉटने तीन तास वीस मिनिटं आणि सुमारे २२ लिटर. साडेसातने दोन तास चाळीस मिनिटं आणि ३७ लिटर. चाळीस मिनिटांसाठी १५ लिटर आम्ही जाळत नाही. टाकीचा हिशेब तीन वाट्यांचा: एक जायला, एक यायला, एक हात न लावायचा.

हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारा असतो, समुद्र सपाट. दुपारनंतर खारा वारा उठतो आणि लाट वाढते. म्हणून पहाटे निघायचं आणि दुपारच्या जेवणाआधी नांगर टाकायचा. आदल्या रात्री हवामान खात्याचा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या महासागर माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज बघतो. दीड मीटरच्या वर लाट असेल तर जात नाही. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो, तिथे ओहोटीचा ओढ आणि समोरून वारा असं जुळलं की लाटा उभ्या राहतात. आत शिरायचं ते भरतीच्या पाण्यावर. उधाणाच्या, म्हणजे पुनव-अवसेच्या दिवसांत आणखी जपून, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत ओढ कमी असतो. रात्री चालायचं नाही, कारण जाळी दिसत नाहीत.

जाळं पंख्यात गेलं तर लगेच न्यूट्रल आणि इंजिन बंद. पाणी उथळ असेल तर नांगर टाका. बांबूला दातेरी सुरी बांधलेली ठेवतो, बहुतेक वेळा वरूनच कापता येतं. कुणी पाण्यात उतरलंच तर इंजिनाची चावी काढून उतरणाऱ्याच्या खिशात. ते जाळं कुणाचं तरी पोट आहे, कमीत कमी कापा.

नांगर टाकताना नवरा-बायकोची भांडणं होतात, हे आमच्यापुरतं तरी खरं. मी नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, हे सुकाणूवर, मधे इंजिनाचा आवाज. शेवटी आम्ही घरासमोरच्या मैदानावर हातखुणा बसवल्या: मूठ म्हणजे थांब, तळवा मागे म्हणजे रिव्हर्स, हाताचं बोट दाखवेन तिकडे बोटीचं तोंड. पोरं क्रिकेट थांबवून बघत होती. साखळी किती सोडायची तेही आधीच ठरवा. खोली ४ मीटर, नाळेची उंची दीड, भरती चढणार २, एकूण साडेसात. त्याच्या पाचपट म्हणजे सुमारे ३८, आम्ही ४० मीटर सोडतो. वारा असेल तर सातपट.

लाइफ जॅकेट दोघांनाही, घातलेलं. रेडिओ चॅनल १६ वर, संकटाची हाक तिथेच देतात. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ सुकाणूसमोर मोठ्या अक्षरात.

पावसाळा आणि लांबचं घर

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे मेअखेर बोटी वर काढायला गर्दी होते. आम्ही मेच्या पहिल्या आठवड्यातच काढतो. तौक्ते चक्रीवादळ मे २०२१ च्या मध्याला आलं होतं आणि निसर्ग ३ जून २०२० ला. मेअखेरची वाट बघणं मला पटत नाही. वर काढण्याआधी ऑइल बदला, कारण वापरलेल्या ऑइलमधलं आम्ल चार महिने आत बसून राहतं. खाऱ्या पाण्याच्या बाजूने गोडं पाणी फिरवून घ्या. गाद्या, दोर, रेडिओ घरी. नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवर दोन दिवस टाकलेल्या गादीत बुरशीचं नावही उरत नाही, ही सोय कोकणात कुणाकडे नाही.

लांबून सांभाळायचं तर तिथे एक माणूस पाहिजे आणि त्याला महिन्याच्या महिन्याला पैसे वेळेवर पोचले पाहिजेत. आमच्याकडे एक निवृत्त तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे नाखवा, आहेत. पहिल्या वर्षी मी फोन करून "सगळं ठीक ना?" विचारायची आणि ते "ठीक" म्हणायचे. मग मी प्रश्न बदलले. दर रविवारी सकाळी, पोहे-तर्री झाल्यावर, हेच चार: तळाचा पंप किती वेळा चालला तो मोजणीयंत्रावरचा आकडा किती, बॅटरी किती व्होल्ट, ग्लँडखालच्या डब्यात पाणी किती, दोर कुठे घासलाय का. उत्तरं वहीत. गेल्या जानेवारीत डब्यातलं पाणी दोन बोटांवरून चार बोटांवर गेलं, पुढच्या रविवारी सहा. ते म्हणाले, "वयनी, येताना दोरी घेऊन या." मी पाइप काढून टेबलावर ठेवला आणि हे गाडीचं तिकीट बघायला बसले.